अखत्यार कोणाचा आणि पायपीट कोणाची?

ग्राहकांच्या आणि आंतरजालावरील खासगीपणाच्या तक्रारींविषयी जेव्हा जेव्हा जाहीर चर्चा होते, तेव्हा तेव्हा एक मत इतक्या ठामपणे आणि इतक्या अधिकारी व्यक्तींच्या मुखातून मांडले जाते की, त्याचा प्रतिवाद करण्याची आवश्यकता आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते मत असे : आपल्या देशात कायद्यांची वानवा नाही, अधिकाऱ्यांची नाही, मदतीच्या दूरध्वनी क्रमांकांची तर मुळीच नाही, वानवा आहे ती लोकांच्या जागरूकतेची. लोक बँकेची तक्रार पोलिसांकडे नेतात, पोलिसांचे काम ग्राहक आयोगापुढे मांडतात, दूरसंचार कंपनीचे गाऱ्हाणे भलत्याच खात्याला लिहून पाठवतात, आणि मग दाद लागत नाही म्हणून सरकारला बोल लावतात. तेव्हा लोकशिक्षण करा, पत्रके वाटा, महाविद्यालयांतून व्याख्याने ठेवा, म्हणजे प्रत्येक तक्रार आपापल्या योग्य ठिकाणी जाऊन पोहोचेल. हे मत मला सर्वस्वी अमान्य आहे; कारण ज्याचे नुकसान झाले त्याच्याच माथी ते अज्ञानाचा ठपका ठेवते, आणि ज्या व्यवस्थेने एकाच अन्यायाचे पाच तुकडे करून ते पाच कचेऱ्यांत वाटून टाकले, तिला मात्र निर्दोष सोडते.

माझ्या परिचयाच्या एका टेम्पोचालकाची हकीगत येथे सांगतो. गाडीचे काम निघाले, हाती पैसा नव्हता, म्हणून त्याने मोबाइलवरच्या एका कर्जाच्या ॲपवरून काही हजार रुपये उचलले. कर्ज मंजूर होण्यापूर्वी ॲपने ज्या ज्या परवानग्या मागितल्या त्या त्याने दिल्या, कारण त्या दिल्यावाचून पुढचा पडदा उघडतच नव्हता. एक हप्ता आठवड्याभराने चुकला, आणि त्याच्या मोबाइलमध्ये ज्यांचे ज्यांचे क्रमांक होते त्या सर्वांना, म्हणजे मालाच्या व्यापाऱ्याला, मुलाच्या शिक्षकांना, आणि लेकीच्या सासरी व्याह्यांना, त्याचे छायाचित्र आणि त्याखाली 'हा चोर आहे' अशा आशयाचा मजकूर जाऊन पोहोचला. हा गृहस्थ पोलीस चौकीवर गेला, तेथून त्याला सायबर ठाण्याचा रस्ता दाखवण्यात आला. तेथे पैसे गेले आहेत काय असे विचारण्यात आले, आणि गेले नाहीत म्हटल्यावर संकेतस्थळावर तक्रार नोंदवा असे सांगण्यात आले. कर्जविषयक तक्रारी जेथे जातात तेथे त्याने मुलाकडून अर्ज लिहवून पाठवला, त्याला उत्तर आले की संबंधित कंपनी या यंत्रणेच्या नियंत्रणाखाली येत नाही. ग्राहकांच्या बाजूने काम करणाऱ्या एका कार्यालयात तो गेला, तेव्हा प्रतिपक्षाचा पूर्ण पत्ता आणा असे त्याला सांगण्यात आले, आणि त्या ॲपवर पत्ता म्हणून केवळ एक ई-मेल दिलेला होता. त्याने मला दाखवलेल्या कागदांच्या चवडीत 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' या वाक्याची तीन कार्यालयांची पत्रे होती, तिन्हींवर जावक क्रमांक होता, तिन्हींवर सही-शिक्का होता. आणि मग ती बाब नेमकी कोणाच्या अखत्यारीत येते, याचा उल्लेख त्यांपैकी एकाही पत्रात नव्हता.

जागरूकतेच्या पुरस्कर्त्यांना मी विचारतो, या माणसाने कोणती गोष्ट आधी शिकून घ्यायला हवी होती? बदनामीची धमकी देऊन पैसे उकळणे हा फौजदारी गुन्हा आहे, म्हणून पोलीस. परंतु माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून चौकी नव्हे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच असा नियम केला की, कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या मोबाइलमधील संपर्कांची यादी, छायाचित्रे किंवा संभाषणांची नोंद यांना हात लावू नये. परंतु तो नियम रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बँका, वित्तसंस्था आणि त्यांच्या वतीने काम करणारे मध्यस्थ यांना बांधतो, आणि ॲपच्या पाठीशी अशी संस्था आहे की नाही हे कर्जदाराने कोठून शोधावे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातील कलम २(४७) मध्ये, ग्राहकाने विश्वासाने दिलेली व्यक्तिगत माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे. म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगही येथे परका नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ प्रमाणे संवेदनशील माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागता येते, आणि तो अर्ज ऐकण्याचा अधिकार राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांना आहे. परंतु २०११ च्या नियमांत संवेदनशील माहिती म्हणून पासवर्ड, बँकखात्याचा तपशील, आरोग्यविषयक माहिती, बोटांचे ठसे अशांची मोजदाद आहे, त्यात व्याह्यांचा दूरध्वनी क्रमांक बसत नाही, म्हणून कदाचित ४३ अ सोडून ४३ या मूळ कलमाखाली जावे लागेल. हे सारे मी कायद्याची पुस्तके समोर ठेवून आणि वकील मित्रांशी बोलून लिहीत आहे. दिवसभर माल वाहून रात्री घरी परतणाऱ्या माणसाला ते पत्रक वाचून कळेल, अशी अपेक्षा ज्यांना बाळगता येते, त्यांनी ते पत्रक एकदा स्वतः लिहून पाहावे.

आणि हा प्रश्न अशिक्षितांचाच आहे, असे समजण्याचेही कारण नाही. योग्य अधिकारी कोण, याविषयी या देशातील सर्वोच्च न्यायपीठाचेच मत तेरा वर्षांच्या अवधीत बदलले, हा इतिहास फार जुना नाही. दूरध्वनीच्या देयकाविषयीची तक्रार ग्राहक न्यायमंचाकडे नेता येणार नाही, कारण १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात तिच्यासाठी लवादाची स्वतंत्र तरतूद आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला, आणि त्या एका निर्णयाच्या आधारे पुढे वर्षानुवर्षे दूरसंचार कंपन्यांचे वकील ग्राहकांच्या तक्रारी उंबरठ्यावरूनच परतवीत राहिले. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला सरासरी ५५५ रुपयांचे देयक येत असे, ते एकदम २४,६०९ रुपयांचे आले. त्याने २०१४ साली जिल्हा मंचाकडे तक्रार केली, आणि ती तक्रार ऐकण्याचा अधिकार मंचाला आहे काय, एवढ्या एकाच मुद्द्यावर ते प्रकरण मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की होय, मंचाला अधिकार आहे. ग्राहक कायद्याचा उपाय इतर उपायांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदली नाही. देयक बरोबर होते की चूक, या मूळ प्रश्नाची सुनावणी तोवर व्हावयाचीच होती. आठ वर्षे गेली ती केवळ अखत्यार ठरवण्यात. ज्या प्रश्नाने न्यायमूर्तींना इतका विचार करायला लावला, त्याचे उत्तर चुकले म्हणून नागरिकाला अजाण ठरवणे हे न्यायाच्या कोणत्या कल्पनेत बसते?

प्रतिपक्षाचा दुसरा युक्तिवाद अधिक विचारार्ह आहे, आणि त्यात तथ्यही आहे. तो असा की, बँकेचे व्यवहार बँकव्यवहार जाणणाऱ्याने तपासावेत, दूरसंचाराचे त्या विषयातील तज्ज्ञाने, गुन्ह्याचा तपास पोलिसाने. सर्व तक्रारी एकाच कचेरीत कोंबल्या तर त्या कोणालाच नीट कळणार नाहीत. हे मला मान्य आहे. परंतु निवाडा करण्याचा अधिकार विभागलेला असणे ही एक गोष्ट आणि अर्ज स्वीकारण्याचे कर्तव्य विभागलेले असणे ही अगदी निराळी गोष्ट. निवाडा तज्ज्ञाने करावा यात वाद नाही. मात्र अर्ज ज्याच्या हाती प्रथम पडला त्याने तो तज्ज्ञापर्यंत पोहोचवू नये, असे त्यातून कसे निष्पन्न होते? आपल्याच कायद्यांनी हा भेद फार पूर्वीपासून ओळखलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत, चुकीच्या न्यायालयात दाखल झालेला दावा फेटाळून न लावता योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत करावा, अशी तरतूद आहे; आणि १९६३ च्या मुदत कायद्यातील कलम १४ सांगते की, सद्भावनेने चुकीच्या न्यायालयात घालवलेला काळ मुदतीतून वजा धरावा. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याने खबर नोंदवून घ्यावी, असे बंधन घातले आहे. आणि यांहून थेट दाखला माहिती अधिकार कायद्याचा आहे. त्याच्या कलम ६(३) प्रमाणे, मागितलेली माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर ज्या कचेरीत अर्ज आला तिनेच तो पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करावयाचा आणि अर्जदाराला तसे कळवावयाचे. म्हणजे २००५ साली या देशाच्या संसदेने हे तत्त्व मान्य केले की, कोणत्या खात्यात कोणता कागद आहे हे नागरिकाला ठाऊक असणे अपेक्षित नाही. जो न्याय आपण कागद मागणाऱ्याला दिला, तो अब्रू गमावलेल्या माणसाला का नाकारावा?

हे व्यवहारात शक्य नाही, असेही म्हणता येणार नाही. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. त्यावर खबर देणाऱ्याला, आपले पैसे कोणत्या बँकेतून कोणत्या पाकिटात आणि तेथून पुढे कोठे गेले, हे माहीत असावे लागत नाही. खबर घेणाराच ती बँकेकडे, पुढच्या बँकेकडे, त्याच्याही पुढे पाठवतो, आणि वेळेत कळवले तर रक्कम वाटेतच गोठवली जाते. रिझर्व्ह बँकेनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र करून सर्व तक्रारी चंदीगडच्या एकाच केंद्रात स्वीकारण्याची व्यवस्था केली, म्हणजे आपली तक्रार कोणत्या शहराच्या लोकपालाच्या हद्दीत पडते हे शोधण्याचे काम ग्राहकाच्या डोक्यावरून उतरले. पैशाच्या बाबतीत राज्यसंस्थेला हे जमले आहे. खासगीपणाच्या बाबतीत जमलेले नाही, आणि वस्तुतः तेथेच त्याची निकड अधिक होती. कारण गेलेला पैसा कधीकाळी परत तरी मिळू शकतो, पण व्याह्यांच्या मोबाइलवर पोहोचलेले छायाचित्र त्यांच्या मनातून पुसून टाकण्याचा हुकूम कोणतेही न्यायपीठ देऊ शकत नाही.

अर्ज वर्ग करण्याचे बंधन घातले तर खोट्या आणि निरर्थक तक्रारींचा महापूर येईल, ही भीतीही वारंवार व्यक्त केली जाते. तक्रार खोटी आहे की खरी, हे ती ऐकल्यावाचून कळत नाही. आणि आज जी छाननी होते ती खऱ्याखोट्याची नसते, ती चिकाटीची असते. ज्याच्यापाशी वेळ आहे, इंग्रजी आहे, वकिलाचा परिचय आहे, तो पाचव्या कचेरीपर्यंत पोहोचतो, मग त्याची तक्रार क्षुल्लक का असेना. आणि ज्याची रोजी बुडते तो दुसऱ्या कचेरीतूनच परततो, मग त्याची तक्रार कितीही गंभीर असो. असे असताना २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने नागरिकाच्या कर्तव्यांत खोटी अथवा निरर्थक तक्रार न करण्याचे कर्तव्य घातले आणि त्याच्या भंगासाठी १०,००० रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली, ही गोष्ट मला अत्यंत अनुचित वाटते. चुकीच्या ठिकाणी केलेली तक्रार आणि निरर्थक तक्रार यांतील सीमारेषा सामान्य माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो तो दंडाचा आकडा, आणि तो मुकाट्याने घरी बसतो.

आता या वादात हुकमाचे पान म्हणून विदा संरक्षण मंडळाचे नाव पुढे केले जाते. मंडळ येत आहे, मग खासगीपणाच्या सर्व तक्रारींना एकच हक्काचे ठिकाण मिळेल, तेव्हा धीर धरा, असे सांगितले जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. कायदा झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. आणि कंपन्यांवर प्रत्यक्ष बंधने घालणारी कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अंमलात यावयाची. धीर आम्ही बराच धरला. परंतु विलंबापेक्षाही माझा आक्षेप त्या मंडळाच्या रचनेवर आहे. मंडळाकडे जाण्यापूर्वी कंपनीच्याच तक्रार निवारण व्यवस्थेकडे जाणे सक्तीचे आहे, आणि उत्तर देण्यासाठी नियमांनी कंपनीला ९० दिवसांपर्यंतची मुदत दिली आहे. ज्या ॲपने पत्ताच दिलेला नाही, त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या उत्तराची तीन महिने वाट पाहत बसणे, ही पीडिताने न्यायासाठी मोजायची पहिली किंमत. पुढे मंडळाने दोष सिद्ध मानून २५० कोटींपर्यंत दंड ठोठावला, तरी कलम ३४ प्रमाणे ती सर्व रक्कम भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाची. ज्याची माहिती उघडी पडली त्याच्या हाती त्यातला रुपयाही पडत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की, भरपाई देणारे जे एक कलम अस्तित्वात होते, ते माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील ४३ अ, हा नवा कायदा त्याच मे २०२७ पासून रद्द करणार आहे. या जुन्या व्यवस्थेची मी भलावण करीत नाही. सचिवांच्या निर्णयावर अपील ऐकणाऱ्या सायबर न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०११ पासून रिकामे राहिले आणि अखेर २०१७ साली ते न्यायाधिकरणच दूरसंचाराच्या न्यायाधिकरणात विलीन करून टाकण्यात आले, हे तिच्या दुर्दशेचे पुरेसे प्रमाण आहे. तरीही त्याच कायद्याखाली २०१३ साली महाराष्ट्राच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांनी, खात्यातून पैसे पळवले गेलेल्या पुण्यातील एका उद्योजकाला ४५ लाख रुपये द्यावेत, असा एका राष्ट्रीयीकृत बँकेला हुकूम केला होता. मंत्रालयातील एका सचिवाच्या दालनात अशी दाद मागता येते हे किती जणांना ठाऊक होते, हा प्रश्न अलाहिदा. पण दाद तेथे होती. मंडळाच्या आगमनाने एक नवे ठिकाण वाढले आणि त्याच वेळी भरपाईचा एक जुना मार्ग बुजला, तर नागरिकाची सोय झाली असे कोणत्या हिशेबाने म्हणावे?

उरतो तो जिल्हा ग्राहक आयोग, आणि माझ्या मते आजच्या घडीला खासगीपणाच्या तक्रारीसाठी तेच सर्वांत जवळचे आणि सर्वांत उपेक्षित ठिकाण आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. कंपनीचे मुख्यालय बंगळूरला असो की परदेशात, सांगलीच्या ग्राहकाला सांगलीतच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, आणि भरपाई थेट ग्राहकाच्या हाती पडते. येथे एक अडचण मात्र खरी आहे. मोबदला दिल्याशिवाय कोणी ग्राहक ठरत नाही, आणि विनामूल्य सेवा कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. त्यामुळे समाजमाध्यमे आणि फुकट मिळणारी शेकडो ॲपे 'तुम्ही आमचे ग्राहकच नाही' असा बचाव करू शकतात. ज्या सेवेच्या बदल्यात माणूस आपले वय, आपला ठावठिकाणा, आपल्या आवडीनिवडी आणि आपल्या आप्तेष्टांची यादी देऊन टाकतो, आणि ज्या माहितीच्या व्यापारावर त्या कंपन्यांचा डोलारा उभा आहे, ती सेवा विनामूल्य आहे असे मानणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. ही माहिती म्हणजेच मोबदला होय, एवढे एक स्पष्टीकरण व्याख्येत घातले, तर जिल्ह्याजिल्ह्यांत आधीच उभी असलेली न्यायव्यवस्था या कामी येईल.

जागरूकतेचे काम ज्यांनी निष्ठेने केले त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ चा कायदा होण्याच्या कितीतरी आधी या महाराष्ट्रात ग्राहक स्वतःच्या हक्काची भाषा बोलू लागला होता. परंतु त्या चळवळीचा इतिहास काय सांगतो? तिने ग्राहकाला शहाणे करण्यावर समाधान मानले नाही. तिने कायदा मागितला, न्यायमंच मागितले, आणि ते पदरात पडेपर्यंत मागणी सोडली नाही. आज तिच्या कार्यकर्त्यांचा किती वेळ, आलेल्या माणसाला 'हे येथे नव्हे, तेथे न्या' हे समजावण्यात जातो, हे त्यांच्या कचेरीत एक दुपार बसल्यावर कळते. जे काम राज्यसंस्थेच्या आवक-जावक विभागाने करावयाचे, ते काम निवृत्त शिक्षक आणि गृहिणी बिनपगारी करीत आहेत.

म्हणून माझी मागणी लोकशिक्षणाची नाही, कायद्यातील दुरुस्तीची आहे. विदा संरक्षण मंडळ, ग्राहक आयोग, राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक, बँक आणि विमा लोकपाल, सायबर पोलीस, दूरसंचार खाते आणि राज्याचे माहिती-तंत्रज्ञान सचिव, यांपैकी ज्याच्याकडे तक्रार प्रथम येईल त्याने ती नाकारू नये. विषय आपला नसल्यास पाच दिवसांत ज्याचा आहे त्याच्याकडे ती वर्ग करावी, एकाहून अधिक जणांचा असल्यास प्रत्येकाकडे तिची प्रत धाडावी, आणि तक्रारदाराला पुढच्या कचेरीचे नाव व नोंदणी क्रमांक मराठीत लेखी कळवावा. आमच्या अखत्यारीत नाही असा शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याने, मग कोणाच्या अखत्यारीत आहे ते त्याच पत्रात लिहिलेच पाहिजे, आणि दोन अधिकाऱ्यांत मतभेद झाला तर तो त्यांनी आपसांत मिटवावा, तोवर तक्रारदाराची मुदत चालू राहू नये. ग्राहक कायद्यातील दोन वर्षांची मुदत असो वा अन्य कोणती, पहिल्या कचेरीने अर्जावर जी तारीख घातली तीच तक्रार दाखल झाल्याची तारीख मानावी. मे २०२७ पूर्वी विदा संरक्षणाच्या नियमांत ही तरतूद घालता येण्याजोगी आहे, तिच्यासाठी नवी इमारत नको की नवे पद नको, आणि तिचा मसुदा माहिती अधिकार कायद्याच्या सहाव्या कलमात वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे.